थडग्यांवरची नावं वाचणाऱ्या मरेबाई

धारा काढून झाल्या असतील, कुणी अजून चुलीपुढे भाकऱ्या थापत असाल. तसंच ऐका, हातातलं काम सोडू नका. आज आम्ही हप्ता, व्याज, शेळीपालन यातलं काही बोलणार नाही. आज एका बाईंची गोष्ट सांगणार आहोत. या बाईंनी चाळीस वर्षं एकच काम केलं. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या थडग्यांमध्ये जे कोरून ठेवलंय ते उतरवून घ्यायचं, वाचायचं, आणि दुसऱ्यांना वाचायला शिकवायचं.

दिवेलागणीला थडग्यांच्या गोष्टी कशाला गं, असं एखादी आजी म्हणेल. आजी, भुताची गोष्ट नाही. नावांची गोष्ट आहे. आणि नावाचा घोळ काय असतो, हे आपल्या गटातल्या बायकांइतकं कुणाला ठाऊक? माहेरचं नाव एक. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नाव दुसरं. आधारवर तिसरंच काहीतरी छापून आलेलं. बँकेत खातं उघडायला गेलं की साहेब विचारतात, "यातल्या तुम्ही नक्की कोण?" आम्ही गटांचे कागद तयार करताना हे दर महिन्याला बघतो. एखाद्या ताईला आजीचं नाव विचारलं तर ती म्हणते, "तिला सगळे म्हातारीच म्हणायचे." म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हाच ठरवलं, की ती रेडिओवर सांगायची.

बाईंचं नाव मार्गारेट मरे. आडनाव मरे, काम मेलेल्यांचं, आणि बाई जगल्या शंभर वर्षं! जन्म आपल्याच देशातला, कलकत्त्याचा, १३ जुलै १८६३ चा. आईवडील इंग्रज. वडील व्यापारात होते. आई धर्मप्रचाराच्या आणि इथल्या बायकांना शिकवण्याच्या कामासाठी हिंदुस्थानात आलेली. मार्गारेट आणि थोरली बहीण मेरी कधी कलकत्त्यात, कधी इंग्लंडमध्ये काकांकडे, मध्ये काही काळ जर्मनीत, अशा वाढल्या. नियमित शाळा अशी झालीच नाही.

विशीत असताना मार्गारेटनं कलकत्त्याच्या रुग्णालयात नर्सचं काम शिकून घेतलं. तो पटकीच्या साथीचा काळ होता. पुढे इंग्लंडला गेल्यावर तेच काम करावं असं तिच्या मनात होतं, पण तिथं नकार मिळाला. कारण काय, तर उंची कमी. बाई पाच फुटांच्याही आत होत्या. रोग्याच्या सेवेला उंची किती लागते, ते नकार देणाऱ्यालाच माहीत.

तिशी आली. लग्न नाही, पदवी नाही, नोकरी नाही. त्या काळात अशा बाईकडे लोक कसे बघत असतील ते सांगायला नको. बहीण मेरी तेव्हा मद्रासला राहत होती. मार्गारेट तिच्याकडे आली असताना मेरीच्या वाचनात आलं, की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फ्लिंडर्स पेट्री नावाचे प्राध्यापक इजिप्तच्या जुन्या लिपीचे वर्ग घेणार आहेत. मेरीला स्वतःला जायची फार हौस होती. पण कडेवर मूल, संसार मद्रासला. तिनं बहिणीला सांगितलं, तू जा. जानेवारी १८९४ मध्ये मार्गारेट त्या वर्गात जाऊन बसली.

हा वर्ग निघाला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. अमेलिया एडवर्ड्स नावाच्या लेखिका होत्या. त्या १८७३ च्या हिवाळ्यात नाईल नदीतून बोटीनं फिरल्या आणि तिथली देवळं, थडगी बघून त्यांना अक्षरशः वेड लागलं. लोक तिथले दगड फोडून विकतायत, भिंती खरवडतायत, हे बघून त्या परत आल्या आणि उरलेलं आयुष्य त्यांनी ते वाचवण्याच्या खटपटीत घातलं. १८९२ मध्ये वारल्या तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात पैसा ठेवला, की इजिप्तचा अभ्यास शिकवणारा प्राध्यापक नेमा. तो पैसा त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजला दिला. हे कॉलेज १८७८ पासून बायकांना पदवीसाठी घेत होतं. म्हणजे एका बाईनं मरताना नीट लिहून ठेवलं, म्हणून दोन वर्षांनी दुसऱ्या बाईला दार उघडं मिळालं.

आता ही लिपी काय आहे ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्राचीन इजिप्तचे लोक चित्रांनी लिहायचे. घुबड, बदक, पाण्याची लाट, हात, डोळा, असली शेकडो चित्रं. काही चित्रं आवाज सांगतात, आपल्या अक्षरांसारखी. काही अर्थ सांगतात. शब्दातले स्वर मात्र लिहीत नसत. म्हणजे आपण "मीरा" लिहिताना वेलांटी आणि काना सोडून नुसतं "मर" लिहावं, तसं. कधी उजवीकडून वाचायचं, कधी डावीकडून. ओळखायची खूण सोपी आहे. माणसांची, पाखरांची तोंडं ज्या बाजूला, तिथून सुरुवात. तारखेसह सापडलेला या लिपीतला शेवटचा लेख इसवी सन ३९४ चा आहे. त्यानंतर ती वाचणारं कुणी उरलं नाही. जवळजवळ चौदाशे वर्षं लोक त्या भिंतींकडे नुसतं बघत राहिले. १७९९ मध्ये एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला एक दगड सापडला, त्यातली एक लिपी ग्रीक होती. तिच्या आधारानं १८२२ मध्ये शाम्पोलियों नावाच्या फ्रेंच विद्वानानं कोडं सोडवलं.

थडग्यांमध्ये एवढं लिहिलेलं तरी काय असतं? तर नाव, पद, कुणाचा मुलगा, कुणाची बायको, आणि जेवणाची मागणी! त्यांची समजूत अशी, की मेल्यावरही माणसाला अन्न लागतं आणि त्याचं नाव कुणीतरी घ्यावं लागतं. म्हणून भिंतीवर कोरायचे, या माणसाला हजार भाकरी, हजार घट बिअर, बैल, पाखरं, कापड मिळो. शिवाय वाटेनं जाणाऱ्यालाही विनंती असायची, की बाबा रे, तुझ्याकडे द्यायला काही नसलं तर नुसतं तोंडानं म्हण, त्याला काय तोंडची वाफच खर्च होते. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट बघणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायला नको. नाव कुणी घेतलं नाही की माणूस दुसऱ्यांदा मेला, असं ते मानत.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्या लिपीत "मुलगा" लिहायला बदक काढतात. आणि "मुलगी" लिहायला? तेच बदक, आणि त्याच्याजवळ एक छोटी अर्धगोल भाकरी. त्या भाकरीचा उच्चार "त". त्यांच्या भाषेत स्त्रीलिंगी शब्दाच्या शेवटी हा "त" येतो. म्हणजे बाईची खूण भाकरी! आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा हशा पिकला. "तिथंही भाकरी सुटली नाही म्हणा की," असं एक मावशी म्हणाल्या.

हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण काम करणाऱ्याच्या बाजूनं बघा. भिंत साडेचार हजार वर्षांची. दगडाचा पापुद्रा सुटलाय, मीठ फुटलंय, वटवाघळांनी घाण केलीय. त्यात नखाएवढी भाकरी झिजून गेली असेल किंवा उतरवून घेणाऱ्याच्या नजरेतून सुटली, तर कागदावर मुलीचा मुलगा होतो. आणि पुढे शंभर वर्षं पुस्तकांमध्ये तो मुलगाच राहतो. आपल्याकडे उताऱ्यावर "भ्र." ऐवजी दुसरंच काही पडलं तर काय फेऱ्या माराव्या लागतात, आठवा. तिथं तर दुरुस्तीचा अर्ज करायला ती बाई येणारही नाही.

मरेबाईंनी लिपी शिकली ती ग्रिफिथ नावाच्या विद्वानाकडे. पेट्री यांनी त्यांच्याकडून उत्खननाच्या पुस्तकासाठी चित्रं काढून घेतली आणि हात चांगला आहे हे ओळखलं. वर्षभरातच, १८९५ मध्ये, बाईंचा पहिला अभ्यासलेख छापून आला. विषय ऐका. प्राचीन इजिप्तमध्ये मालमत्ता एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जात होती. ज्या देशात त्या बसून लिहीत होत्या, तिथं लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा पुरा हक्क मिळून तेव्हा तेरा वर्षंही झाली नव्हती.

१८९८ पासून त्या स्वतःच लिपी शिकवायला लागल्या. पेट्री दर हिवाळ्यात इजिप्तला खोदकामाला जायचे. मागे वर्ग, परीक्षा, विद्यार्थी, सगळं मरेबाईंच्या गळ्यात. पगार तुटपुंजा.

इजिप्तची भूमी त्यांनी पाहिली ती १९०२ साली, चाळिशी जवळ आल्यावर. अबायडोस नावाच्या जागी पेट्रींचं खोदकाम चालू होतं. तिथं त्या गेल्या नर्स म्हणून. कलकत्त्याचं शिक्षण असं कामाला आलं. पण थोड्याच दिवसांत पेट्रींनी त्यांना खोदकाम शिकवलं आणि जबाबदारी दिली. बाईचा हुकूम घ्यायचा हे तिथल्या काही पुरुषांना रुचलं नाही. बाई मागे हटल्या नाहीत. एका मोठ्या देवळामागं जमिनीखाली गेलेली दगडी वास्तू त्या मोसमात सापडली, ओसायरियन तिचं नाव. ओसायरिस हा त्यांचा मेलेल्यांचा देव. त्या वास्तूवरचं पुस्तक मरेबाईंनी १९०४ मध्ये काढलं. भिंतींवरचे लेख उतरवायच्या कामात पेट्रींच्या पत्नी हिल्डा यांचा मोठा हात होता.

पुढच्या हिवाळ्यात, १९०३-०४ मध्ये, त्या सक्कारा इथं गेल्या. कैरो शहराच्या दक्षिणेला वाळवंटाच्या काठावर हे प्राचीन काळचं अफाट स्मशान आहे. राजांचे पिरॅमिड आहेत, आणि आजूबाजूला अधिकाऱ्यांची, त्यांच्या बायकामुलांची थडगी. या थडग्यांना "मस्तबा" म्हणतात. अरबीत मस्तबा म्हणजे घराबाहेरचा बसायचा ओटा. वरून तशीच दिसतात, सपाट, लांबट. आत खोल्या, आणि खोल्यांच्या भिंती चित्रांनी आणि लेखांनी भरलेल्या.

ही थडगी नवीन सापडलेली नव्हती. पन्नासेक वर्षांपूर्वी एका फ्रेंच अधिकाऱ्यानं उघडून पाहिली होती, घाईनं काही नोंदी केल्या होत्या, आणि वाळू पुन्हा आत शिरली होती. सोनंनाणं मिळायची आशा नव्हती. म्हणूनच कदाचित हे काम बायकांच्या वाट्याला आलं असेल, अशी आम्हाला शंका आहे. मरेबाईंबरोबर दोन चित्रकार मैत्रिणी होत्या, मिस हान्सार्ड आणि मिस मदरसोल. तिघींनी वाळू उपसून घेतली आणि भिंतीसमोर बसल्या.

हे काम कसं चालतं ते सांगतो. पूर्वी लोक ओला कागद भिंतीवर थापून ठसा घ्यायचे. ठसा छान यायचा, पण हजारो वर्षं टिकलेला रंग कागदाबरोबर निघून यायचा. म्हणून हातानं रेघ न रेघ उतरवायची पद्धत बरी. माप घ्यायचं, उजेड तिरका पाडायचा म्हणजे कोरीव खड्ड्यात सावली पडते आणि झिजलेली रेघही दिसते. एका बाजूचा उजेड झाला की दुसऱ्या बाजूनं पाडून बघायचा, कारण कधीकधी तडा आणि अक्षर यातला फरक तेव्हाच कळतो. काढलेलं चित्र दुसरीनं भिंतीशी ताडून बघायचं. जिथं दिसत नाही तिथं मोकळं सोडायचं, अंदाजानं भरायचं नाही. या शेवटच्या नियमासाठी फार संयम लागतो. गटाच्या वहीत सही राहिली की "मीच करून टाकते तिची" म्हणणाऱ्या सचिव आम्ही पाहिल्या आहेत!

त्या हिवाळ्याचं पुस्तक १९०५ मध्ये आलं, आणि १९०८ मध्ये बाईंनी आणखी एक पुस्तक काढलं. त्यात गोष्ट नाही, वर्णन नाही. जुन्या राज्याच्या काळातल्या थडग्यांवर जी नावं आणि पदं सापडतात, त्यांची नुसती यादी. कुठलं नाव कुठल्या थडग्यात, कुठलं पद कुणाकुणाला. असली पुस्तकं कुणी हौसेनं वाचत नाही. पण पुढचा प्रत्येक अभ्यासक तिच्या आधारानं काम करतो. आम्हाला या यादीचं मोल फार वाटतं. त्या काळच्या लेखांत बायका भेटतात त्या नुसत्या अमक्याची बायको म्हणून नाही. कुणी हाथोर देवीची पुजारीण आहे. कुणी "राजाच्या ओळखीची" आहे, हा मोठा मान होता. पुढच्या काळात विवाहितेला "घराची मालकीण" म्हणून लिहायला लागले. आणि लग्नानंतर नाव बदलत नसे. जन्मताना जे ठेवलं, तेच थडग्यात.

सक्कारातल्याच एका थडग्याचा लेख सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. हे थडगं मरेबाईंच्या कामातलं नाही, त्यांच्या आधी एका जर्मन मोहिमेला मिळालं. त्याची खोली आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. मेत्येन नावाच्या अधिकाऱ्याचं ते, सुमारे ४६०० वर्षांपूर्वीचं. त्यानं भिंतीवर स्वतःच्या मिळकतीचा सगळा हिशेबच कोरून ठेवलाय. वडील लेखनिक होते, न्यायाचं काम बघायचे. त्यांच्याकडून काय आलं? धान्य नाही, घरातली चीजवस्तू नाही, थोडी माणसं आणि बारकी जनावरं तेवढी. आणि आई नेबसेनेत हिच्याकडून? पन्नास मापं जमीन, म्हणजे आपल्या हिशेबानं तेहतीस-चौतीस एकर. आईनं ती मुलांच्या नावे रीतसर लिहून दिली होती. त्या कागदाला त्यांच्या भाषेत जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ "घरात जे आहे ते". आपल्याकडचं बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र म्हणा. ४६०० वर्षांपूर्वी एका बाईकडे जमीन होती, ती कुणाला द्यायची ते तिनं ठरवलं, आणि त्याला राजाची मान्यता होती. हे जर मुलानं भिंतीवर कोरलं नसतं, आणि कुणी बसून वाचलं नसतं, तर आज आपल्याला कुणी सांगून पटलं असतं का?

अर्थात, सगळ्या बायका नेबसेनेत नव्हत्या. थडगं बांधायला पैसा लागतो. त्या भिंतींवर धान्य पाखडणाऱ्या बाया दिसतात. गुडघ्यावर बसून दगडावर दळणाऱ्या बाईच्या छोट्या मूर्ती थडग्यांत ठेवलेल्या सापडतात, पाठ वाकलेली, दोन्ही हात वरवंट्यावर. त्यांच्याजवळ बहुतेक वेळा नाव नसतं. मालकाला मेल्यावरही पीठ मिळावं म्हणून ती तिथं आहे.

आता मरेबाईंच्या कामातली सगळ्यात गाजलेली हकीकत. १९०७ मध्ये रिफेह नावाच्या जागी पेट्रींच्या माणसांना एक न उघडलेलं थडगं मिळालं. आत दोन पेट्या, दोन भाऊ. एकाचं नाव ख्नुम-नख्त, दुसऱ्याचं नख्त-अंख. काळ सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचा. हे सगळं इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या संग्रहालयात गेलं, आणि मे १९०८ मध्ये सुमारे पाचशे लोकांसमोर मरेबाईंच्या देखरेखीखाली एका भावाच्या प्रेतावरची पट्ट्यांची गुंडाळी उलगडली गेली. बाईनं असं काम जाहीरपणे चालवलेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर हे वाचताना आम्हाला जरा अवघडच वाटलं. कुणाच्या तरी भावाचं प्रेत, आणि बघायला पाचशे माणसं. आज संग्रहालयं तसं करत नाहीत, ते बरंच आहे. मरेबाईंचं म्हणणं होतं, की माणसाचा प्रत्येक अवशेष काळजीपूर्वक अभ्यासला पाहिजे, तमाशा नको. त्यांच्याबरोबर डॉक्टर, कापडाचे जाणकार, रसायन तपासणारे होते आणि सगळ्याची नोंद त्यांनी १९१० मध्ये पुस्तकात दिली.

पेच इथंच आहे. पेट्यांवरच्या लेखात बापाचं नाव नाही, कुठल्यातरी अधिकाऱ्याचा मुलगा एवढंच. पण दोघांच्याही आईचं नाव लिहिलेलं आहे, ख्नुम-आ. एकच नाव. आणि हाडं तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, की या दोघांची ठेवण इतकी वेगळी आहे की हे भाऊ वाटत नाहीत. मग कुणी म्हणालं एक दत्तक असेल, कुणी म्हणालं पेट्यांची अदलाबदल झाली असेल. शंभर वर्षं हा वाद पडून होता. पुढे मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी दोघांच्या दातांमधून डीएनए काढला. २०१८ मध्ये निकाल छापून आला. आईकडून मुलांकडे येणारा जो अंश असतो, तो दोघांचाही एकच निघाला. बाप बहुधा वेगवेगळे. आई एक. पेटीवर लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं.

आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा नियम झालाय. दाखला काढताना अजून काही जण विचारतात, "आईचं कशाला मध्ये?" त्यांना या दोन भावांची गोष्ट सांगून बघा.

मरेबाईंच्या वर्गातून किती माणसं तयार झाली! रेमंड फॉकनर नावाचे सरकारी कारकून नोकरी सांभाळून त्यांच्याकडे लिपी शिकले. पुढे त्यांनी जुन्या इजिप्ती भाषेचा कोश केला, तो १९६२ मध्ये निघाला आणि आजही विद्यार्थ्यांच्या हातात असतो. मर्टल ब्रूम या त्यांच्या विद्यार्थिनीनं अबायडोसच्या देवळात वर्षानुवर्षं राहून भिंती उतरवल्या. बाईंनी विद्यार्थ्यांसाठी सोपं व्याकरणही लिहिलं. नवशिक्याला समजेल असं लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटत नसे.

कॉलेजात पुरुष प्राध्यापकांना बसायला, चहा घ्यायला वेगळी खोली होती, तिथं बायकांना मज्जाव. मरेबाईंनी भांडून बायकांसाठी खोली मिळवली. मताच्या हक्कासाठी १९०७ मध्ये लंडनच्या चिखलातून बायकांचा मोठा मोर्चा निघाला, त्यात या होत्या. पहिल्या महायुद्धात पुन्हा नर्स म्हणून फ्रान्सला गेल्या. १९२४ मध्ये सहायक प्राध्यापक, १९३५ मध्ये निवृत्त.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं असं मात्र नाही, आणि ते लपवायचं कारण नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मालमत्ता आणि गादी आईच्या वंशानं चालते असं त्या मानत. नंतरच्या अभ्यासकांनी ते फेटाळलं. मुलगे आणि मुली दोघंही आई आणि बाप दोघांकडूनही घेत, असं आता दिसतं. बाईला मालमत्ता घेता, विकता, लिहून देता येत होती, एवढं मात्र पक्कं आहे. पुढे मरेबाईंनी युरोपातल्या चेटकिणींवर पुस्तकं लिहिली, की त्या बायका एका जुन्या धर्माच्या होत्या म्हणून. ती खूप खपली, पण इतिहासकारांना पुरावा पटला नाही. आमच्या मते तिथं बाईंनी भिंतीचा नियम मोडला. जिथं दिसत नव्हतं तिथं मोकळं सोडायला हवं होतं. त्यांच्या थडग्यांच्या नकला मात्र आजही कामाच्या आहेत. भिंत झिजत गेली तरी १९०४ साली तिथं काय दिसत होतं, ते त्या कागदावर आहे.

शंभर वर्षं पूर्ण झाली त्या साली, १९६३ मध्ये, बाईंचं आत्मचरित्र आलं. नाव होतं "माझी पहिली शंभर वर्षं". दुसऱ्या शंभरांचा बेत होता की काय कोण जाणे! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या वारल्या.

आमच्या गटांनी या महिन्यात एक वही घातली आहे. प्रत्येकीनं आपलं माहेरचं पूर्ण नाव, आईचं, आजीचं आणि सासूचं नाव त्यात लिहायचं, जी लिहू शकत नाही तिनं सांगायचं. आतापर्यंत आठ पानं भरलीत. पणजीचं नाव फक्त तिघींना सांगता आलं, आणि त्यातल्या एकीनं माहेरी फोन करून विचारलं. ज्यांना आजीचं नाव मिळालं नाही, त्यांची जागा मोकळी सोडली आहे.

पुढच्या बुधवारी याच वेळेला घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर आपलंही नाव लावून घ्यायला कुठले कागद लागतात आणि अर्ज ग्रामपंचायतीत कसा द्यायचा, ते सांगू. वही-पेन घेऊन बसा. नमस्कार.